माझ्या कमरेचं कोरियन औषध

आमच्या घरात माझ्या कमरेची दखल घेतली गेली ती तिच्यासाठी बोटीवरून औषध आलं तेव्हा. त्याआधीही ती दुखत होतीच, पण ते पडलं देशी दुखणं. ते मनावर घ्यायला कोणाला सवड नव्हती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत बंदराच्या अंगाला आमचं घर. घरात सासू, सासरे, नवरा आणि मी. धाकटे दीर बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा उगवायचे. माझं माहेर देवरूखचं, पण आई मी शाळेत असतानाच गेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी ही चैन माझ्या नशिबी नव्हती. माघात मुलगी झाली ती सासरीच.

मुलगी अंगाने दणकट आणि मी काडी. बाळंतपण चांगलंच अडलं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी ह्यांना समोर बसवून सांगितलं, "हिचे खालचे सांधे सैल झालेत. काही महिने वजन उचलू देऊ नका." ह्यांनी मान डोलावली. मान डोलावण्यात ह्यांचा हात धरणारं मी अजून पाहिलेलं नाही. घरी येईपर्यंत डॉक्टरीणबाईंचं बोलणं रिक्षातच राहिलं असावं, कारण घरात त्याचा उच्चार पुन्हा कोणी केला नाही.

दुखणं दोन जागी होतं. मागे माकडहाडाच्या वर आणि पुढे थेट जांघांच्या मधोमध, हाडात. कूस बदलायची तर दात आवळून. परकर घालताना एका पायावर उभं राहिलं की आतून काहीतरी निखळल्यासारखं व्हायचं. ही पुढची जागा अशी, की तिचं नाव घेऊन तक्रार करायचीही सोय नाही. म्हणून सगळ्या दुखण्याला मी कंबर म्हणायचे.

पहिले दहा दिवस मात्र मजेत गेले. सोयर होतं ना. मी कशाला शिवायचं नाही, म्हणून मला कोणी काम सांगायचं नाही. बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि बाळंतशेपा, धुराने डोळे चुरचुरत, पण पाठ ऊबेत. सासूबाई दारातून ताट सरकवायच्या, त्यात दुधासाठी म्हणून मोरी माशाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. खायला घालण्यात त्यांनी कधी हात आखडला नाही, ते मी कबूल करते. विटाळाने मला जेवढा आराम दिला तेवढा त्या घरात मायेने कोणी दिला नाही.

बाराव्या दिवशी बारसं झालं, शेजारणी घुगऱ्या खाऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या हातात कळशी दिली. "झालीस हो आता शुद्ध," म्हणाल्या. विहीर मागल्या परसात, रहाट तिच्यावर. माघ सरत आला की पाणी खाली जायला लागतं आणि दोर लांबतो. पिण्याचं, आंघोळीचं, भांड्यांचं, आणि आता त्यात बाळाच्या लंगोटांचं आणि दुपट्यांचं. मी एकदा म्हटलं, "सासूबाई, कंबर फार दुखते हो."

"बाळंतिणीची कंबर दुखेल नाय तर काय गो, डोकं दुखेल?"

मी पोहरा विहिरीत सोडला.

मग एका सकाळी मुलीला घेऊन माजघरातून ओटीवर येत होते. उंबऱ्यावर पाय टाकला आणि तो पाय माझा राहिलाच नाही. मी दाराची चौकट धरून मटकन खाली बसले. मुलगी हातातच राहिली, झोपेतून उठलीसुद्धा नाही. पण त्या दिवसापासून मी तिला उभ्याने उचलणं सोडलं. ती पाळण्यात रडायची आणि मी खाली बसून दोरी ओढत राहायचे. कोणी बाजेवर आणून दिली की घ्यायची, पाजायची, परत कोणीतरी उचलून न्यायची. स्वतःच्या मुलीला उचलायची मला भीती वाटायला लागली होती. मला औषध, उपचार, कोडकौतुक काही नको होतं. तिला खांद्यावर घेऊन अंगणात चार पावलं टाकता यावीत आणि पाय जागेवर राहावा, एवढंच हवं होतं.

"आईला पोर उचलवत नाय, असं नवल आम्ही नाय पाह्यलं," असं सासूबाई शेजारणीला सांगताना मी ऐकलं. शेजारीण हसली. मला त्या दोघींचा इतका राग आला की दूध उतरेना.

अशात दीर आले. बोटीवरून माणूस आला की आमच्याकडे ओटीवर सभा भरते. बॅगेतून कॅसेटचा रेडिओ निघाला, सेंटच्या बाटल्या निघाल्या, सासऱ्यांना इस्त्री न लागणारा शर्ट निघाला. शेवटी एक लाकडी डबा निघाला आणि दीर म्हणाले, "हे वहिनीसाठी."

झालं होतं असं, की पुसानच्या बंदरात बोट अडकली असताना भावजींची कंबर धरली होती. तिथल्या एका वैद्याने त्यांना पालथं घालून सुया टोचल्या आणि कसल्याशा पाल्याची कांडी पेटवून तिचा शेक कातडीपासून बोटभर अंतरावर दिला. भावजी चालत परत आले. घरून गेलेल्या तारेतून माझं बाळंतपण अडल्याचं त्यांना कळलं होतं, म्हणून निघताना त्याच वैद्याकडून त्यांनी बाळंतिणीची औषधं आणली. डब्यात सिगारसारख्या जाड कांड्या होत्या, चिकटपट्ट्या होत्या आणि एका बाटलीत अर्कात बुडवलेलं, माणसासारखे हातपाय फुटलेलं मूळ होतं. मला मनापासून बरं वाटलं. त्या घरात मी काहीही न मागता माझ्यासाठी आलेली ती पहिली वस्तू होती.

माझं बरं वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं. मुळाची बाटली सासऱ्यांनी हातात घेऊन उजेडात धरली आणि विचारलं, "ह्याने काय होतं?" भावजी म्हणाले, "शक्ती येते." बस्स. ते मूळ बाळंतिणीला उष्ण पडेल असं एकमताने ठरलं. ठरवणारे कोण, तर सासरे, ह्यांचे एक मामा, आणि हे. रोज दिवेलागणीला तिघे एकेक टोपण घ्यायचे आणि एकमेकांकडे बघून मिशीत हसायचे. शक्ती कुठे गेली ते मी विचारलं नाही. ओटीवरच्या खुर्च्या मात्र त्या काळात जराही हलल्या नाहीत.

चिकटपट्ट्या सासऱ्यांच्या खांद्याला लागल्या. मग शेजारच्या काकांच्या गुडघ्याला, मग पूर्णगडहून आलेल्या एका पाहुण्याच्या मानेला. आळीत कोणाला काही दुखत नव्हतं असं मी तोवर समजत होते. कोरियाचं औषध आलंय म्हटल्यावर प्रत्येकाला एकेक अवयव आठवला. माझी विचारपूस करायला येणारी माणसं बाजेजवळ क्षणभर थांबायची आणि डब्याकडे वळायची.

राहिल्या कांड्या. त्या मात्र वहिनीलाच द्यायच्या असं भावजींनी ठासून सांगितलं. आता पंचाईत अशी, की दिराने वहिनीची उघडी पाठ बघायची नाही. तेव्हा कृती भावजींनी आधी सासऱ्यांच्या पाठीवर करून दाखवली. सासरे तासभर पालथे पडून घोरले. मग मी खोलीत बाजेवर पालथी, सासूबाईंच्या हातात कांडी आणि भावजी पडद्याच्या बाहेर पाट घेऊन बसलेले.

"आई, कमरेच्या खळग्यापासून दोन बोटं खाली!"

"कोणाची बोटं? माझी की तुझी?"

"तुझी गो! लाव आता. लांब धर, टेकवू नको!"

कांडी पेटली, धूर निघाला. माझ्या पाठीला ऊब लागते न लागते तोच सासूबाई थांबल्या. त्यांनी कांडी नाकाशी नेली. मग विझवली.

"मेल्या, हा तर दवणा!"

बाहेरून भावजी म्हणाले, "कसला दवणा? कोरियातला पाला आहे."

"मला शिकवू नको. देवाला जन्मभर वाहिलाय मी. दवण्याचाच वास हा. देवाचा दवणा सव्वा महिन्याच्या आत बाळंतिणीच्या कमरेवर जाळू? घरावर काही आणायचंय काय?"

मी पालथी पडल्यापडल्या ऐकत होते. भावजींनी हुज्जत घातली, ह्यांनी मान डोलावली, सासरे म्हणाले तिला जे कळतं ते कळतं. म्हणजे हिशोब असा झाला: पाणी ओढायला मी शुद्ध, आणि पाठ शेकायला अशुद्ध. हा भेद ज्याने कोणी पहिल्यांदा शोधून काढला, त्याने स्वतः कधी रहाट ओढला नसणार ह्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. डबा देवघरात गेला. सव्वा महिना झाला की मला मिळणार होता.

भावजींची सुट्टी संपायच्या आदल्या रात्री जेवताना पुन्हा तोच विषय निघाला. त्या वैद्याच्या घरीच सून बाळंत झाली होती, आणि भावजी शेकायला जायचे तेव्हा त्यांनी सगळं पाहिलं होतं. दाराला कोळसे खोवलेला गवताचा दोर बांधलेला, म्हणजे परक्याने आत जायचं नाही. सुनेला समुद्रातल्या शेवाळाचं गरम सूप, तेही दिवसातून कितीदा तरी. अंगाखालची जमीनच तापवलेली. आणि गार पाण्यात हात घालायचा नाही, कपडे धुवायचे नाहीत, काही उचलायचं नाही. तो वैद्य म्हणे सांगत होता, कांडी हे वरचं औषध, खरं औषध हे.

सगळे कौतुकाने ऐकत होते. शेवाळ तर आपल्या जाळ्यात येतं, आपण फेकून देतो, असं सासरे म्हणाले आणि सगळ्यांना हळहळ वाटली.

मी वाढत होते. मी विचारलं, "मग भावजी, तिच्या घरात पाणी कोण भरतं?"

भावजी सरळ माणूस. "सासू," म्हणाले. "सूपही तीच करते."

पानावर कोणाचा घास थांबला, कोणाचा नाही. सासूबाईंनी आमटीचं भांडं जरा जोरात टेकवलं आणि म्हणाल्या, "त्यांच्यात चालत असेल." कोरियाचं मूळ आमच्यात चाललं, पट्ट्या चालल्या, शेवाळसुद्धा चाललं असतं. एवढीच एक गोष्ट समुद्र ओलांडून येईना. सकाळी भावजी बोटीवर गेले.

सव्वा महिना झाला तेव्हा फाल्गुन होता. मी नाहून देवाला नमस्कार केला आणि सासूबाईंनी डबा आणून माझ्यापुढे उघडला. आत एकच कांडी होती, तीही अर्धी.

"बाकीच्या?"

"देवापुढे लावल्या," त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या कमरेच्या वाट्याच्या औषधावर सगळं गाव शेकून झालं होतं आणि उरलेल्यावर देव शेकत होता. मी मुकाट्याने पालथी झाले. सासूबाईंनी कांडी पेटवली. आणि खरं सांगते, बरं वाटलं. फार बरं वाटलं. ऊब हळूहळू हाडापर्यंत उतरत गेली. त्यांचा दुसरा हात माझ्या पाठीवर टेकलेला होता, तोही गरम. तो हात तिथे पहिल्यांदाच टेकला होता. अंग सैल पडलं, डोळे मिटायला लागले.

"बरं वाटलं काय?"

"हो."

"मग ऊठ. हंडे रिकामे आहेत."

मी उठले नाही. ठरवून वगैरे काही नाही. अंगच उठेना. "मी नाही उठणार," मी उशीत तोंड ठेवूनच म्हणाले. "आजपासून पाणी भरणार नाही. मला माझी मुलगी उचलायची आहे."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी कांडी विझवून डब्यात ठेवली आणि निघून गेल्या. थोड्या वेळाने परसातून रहाटाचा आवाज यायला लागला. मी ऐकत होते. दोर ओढला की रहाट करकरायचा, आणि प्रत्येक ओढीच्या शेवटी सासूबाईंच्या तोंडून एक दबलेलं "आई गं" निघायचं. मी ते ओळखलं. तेच, त्याच जागी माझ्या तोंडून निघायचं. मग पोहरा दणकन आत पडला आणि आवाज बंद झाला.

मी भिंत धरत गेले. सासूबाई विहिरीच्या कठड्यावर वाकलेल्या, तशाच, ना पुढे ना मागे. ओटीवरून सासऱ्यांनी विचारलं, "काय पडलं?" विचारलं, उठले नाहीत.

कशाबशा दोघी एकमेकींना धरून खोलीत आलो आणि मी त्यांना माझ्या बाजेवर पालथं घातलं. चोळायला म्हणून चोळी वर सरकवली आणि थांबले. कमरेच्या खळग्याखाली, दोन बोटांवर, बारीक गोल डाग होते. काही जुने होत आलेले, काही ताजे. कांडी टेकवू नको, लांब धर, असं पडद्यामागून ओरडून सांगितलेलं होतं. पण स्वतःच्या पाठीवर मागे हात नेऊन धरलेली कांडी किती लांब आहे ते कोणाला दिसणार?

"देवापुढे लावल्या ना?" मी म्हटलं.

त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या वेळचं आहे हे. धाकट्याच्या वेळी पुढच्या हाडात गेलं."

पुढच्या हाडात. ते नाव न घेता येणारं हाड त्यांनाही ठाऊक होतं. मला कळवळा यायला हवा होता, आणि आलाही, पण आधी आला तो संताप. सगळं माहीत असून माझ्या हातात कळशी देणाऱ्या ह्या बाईचा, आणि हिला इतकी वर्षं त्या रहाटाला जुंपून ओटीवर बसलेल्यांचा. मी उरलेली कांडी पेटवली आणि बोटभर लांब धरून त्यांची पाठ शेकली.

संध्याकाळी हे घरी आले तर दोन बाजांवर दोन बायका आडव्या, आणि घरात पाण्याचा थेंब नाही. गडीमाणूस बघायला गेले, पण शिमगा तोंडावर आलेला, सगळे पालखीच्या नादात, एक माणूस मिळेना. शेवटी अंधार पडायची वाट बघून ह्यांनी रहाटाला हात घातला. अंधार अशासाठी, की शेजारच्यांना दिसू नये. त्या अंधारातही शेजारच्या काकांनी खाकरून, "काय रे, बायको माहेरी गेली काय?" असं विचारलंच.

शिमग्याची पालखी घरी येऊन जाईपर्यंत ह्यांनी पाणी भरलं. सासूबाई आणि मी एका खोलीत पडून राहायचो. शेगडी आता दोन बाजांच्या मध्ये ठेवली होती. आम्ही मैत्रिणी झालो असं कोणी समजू नये. आम्ही खूप भांडलो, पडल्यापडल्या. पण दुपारी एकदा मुलगी रडायला लागली तेव्हा मी सवयीने दोरीला हात घातला, तर त्या म्हणाल्या, "उचल की गो. मी आहे हयसर, जवळच." त्यांनी हात आडवा धरला, त्याला धरून मी उठले, मुलीला खांद्यावर घेतलं आणि खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले. पाय जागेवर राहिला. मी परत फिरले तरी राहिला.

त्याच आठवड्यात एका सकाळी हे कमरेवर हात ठेवून वाकडे चालत ओटीवर आले. लगेच सासरे उठून उभे राहिले. दुपारी मेकॅनिक आला, विहिरीवर विजेची मोटर बसली, मागल्या पडवीत टाकी चढली आणि मोरीत नळ आला. मोटर ही काही नवलाची वस्तू नव्हती. आळीत कितीतरी घरांत होती. यंत्राने ओढलेल्या पाण्याची चव जाते, असं सासऱ्यांचं इतकी वर्षं म्हणणं होतं. ह्यांची कंबर धरली त्या दिवशी चव राहिली वाटतं.

पहिल्यांदा नळ सोडला तेव्हा सगळे मोरीपाशी जमले. पाणी आलं, हंडा भरला, ओसंडून वाहायला लागला. सासरे ह्यांच्या पाठीवर थाप मारत होते. सासूबाई मागे दाराला धरून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, नळ बंद केला, पुन्हा सोडला, पुन्हा बंद केला. मग कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "इतकंच होतं होय?"